टेंपोतला धूर

वायर जळाल्याचा वास आला की मला उमरग्यातला तो दसरा आठवतो. वडिलांच्या टेंपोतल्या देवाच्या फोटोभोवती मी हौसेनं दिव्यांची माळ लावली होती. वायर थेट बॅटरीला जोडून वर नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. पूजा झाली, झेंडूचे हार घातले, टेंपो कडुलिंबाखाली ठेवून आम्ही जेवायला बसलो. काचेआड धूर दिसला तेव्हा आई म्हणाली, “उदबत्तीचा असंल, जेव तू.” मी जेवत राहिलो. हात धुवायला बाहेर आलो तर हारांसकट सगळं पेटलेलं. माझी जोडणी वडिलांनी पाहिली होती, तरी जमलेल्या लोकांना ते एवढंच म्हणाले, “वायरिंग लई जुनं झालतं.” आजही दसऱ्याला ते त्या टेंपोची चावी पाटावर ठेवून पूजतात, आणि मी उदबत्ती पुढं केली की हळूच म्हणतात, “ऱ्हाऊ दे.”