कापराशेजारी सुकटीची डबी

मैत्रिणींनो, आजचं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नेरूळच्या आमच्या बालवाडीसाठी मी वासाचा खेळ बनवला. औषधाच्या रिकाम्या डब्या, झाकणाला सुईने भोकं, आत लवंग, कॉफी आणि देवघरातला कापूर. सगळं घरातलंच.

बाई म्हणाल्या, "काकू, सुकट पण घाला की. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली मुलं आहेत आपली."

आमचं माळकरी घर, मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही. शेजारणीकडून चिमूटभर घेतली आणि जिन्यातच उभं राहून, नाक मुरडत डबीत भरली.

वर्गात एक चिमुरडी आहे. आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. आज कापूर हुंगला, गप्प. लवंग हुंगली, गप्प. सुकटीची डबी नाकाशी नेली आणि केवढ्याने ओरडली, "माजी आय!"

तिची आई बाजारात सुकट विकते. अंगावर काटा आला हो!

संध्याकाळी दिवा लावताना बोटांना तोच वास येत होता. पुन्हा हात धुवावेसे वाटले नाहीत. तसेच जोडले.

तुमच्या आईची डबी करायची झाली, तर आत काय भराल?