जलीलभाईंचं पहिलं अक्षर

उदगीरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात जलीलभाई रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. खरं तर इतरांकडून सोडवून घेतात. आमच्या नाटक कंपनीत ते वीस वर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेतून अख्खी ओळ कधी देत नसत, फक्त पहिलं अक्षर देत. पुढचं नटाला आठवायचं, टाळ्याही त्यालाच मिळायच्या. ती सवय अजून सुटलेली नाही. ते उभ्याआडव्या शब्दांचे अर्थ समजावतात, पहिलं अक्षर सांगतात, आणि उत्तर आपल्यालाच सापडलं म्हणून गल्ल्यावरचा देविदास मिशीला पीळ भरतो.

परवा कोड्याचा विषय रंगभूमी होता. शेवटी एकच शब्द उरला: ‘आडून नटाला ओळी सांगणारा’.

“प्रॉ...” जलीलभाई म्हणाले आणि आशेनं थांबले.

“प्रॉम्प्टर!” देविदास ओरडला. “चाचा, तुम्ही हेच करत होता की! नुसतं कुजबुजायचा बी पगार मिळत होता? लई आरामाचं काम हाय!”

सगळे हसले. जलीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजावर मी वीस वर्षं स्टेजवर राजा झालो होतो. त्यांच्यासाठी एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही मला सुचलं नाही.

या वेळी त्यांनी पहिलं अक्षर दिलं नाही.