जागा बदलणारा लोटन

लोटनचा डावा गुडघा कामातून गेला, तेव्हा त्याने ते घरात लपवलं नाही. लपवलं ते गावांपासून. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जुनी फोर-व्हील व्हॅन घेऊन जाणारा तो एकटाच. फैजपूरला रिखबचंदशेठच्या दुकानात तेल, साखर, साबण भरायचं, पाड्यांवरच्या दुकानांत उतरवायचं, येताना डिंक आणि चारोळी आणायची. लोक त्याला ‘गाडीवाला लोटनभाऊ’ म्हणत आणि त्या नावावर त्याचा फार जीव होता.

पण व्हॅनचा क्लच दगडासारखा कडक. दाबला की कळ थेट कमरेपर्यंत जायची. शेवटी त्याची बायको दिपमाला म्हणाली, “मी शिकते.” आणि ती शिकली, नुसती शिकली नाही तर हात बसला तिचा. लायसनही निघालं. मग लोटनने मेहरूणच्या चुडामण मिस्त्रीकडून क्लच हलका करून घेतला, सीट पुढे घेतली, आरसा खाली बसवला.

“हे सगळं माझ्या गुडघ्यासाठी,” त्याने सांगितलं.

“गुडघ्याला आरसा कशाला, लोटनभाऊ?” चुडामणने विचारलं. लोटनने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तेव्हापासून रानातला सगळा रस्ता दिपमाला काटायची. पाडा जवळ आला की झाडीआड गाडी थांबायची, ती निमूट उतरून पलीकडे जायची, लोटन सीट मागे ढकलून स्टिअरिंगवर बसायचा आणि हॉर्न वाजवत पाड्यात शिरायचा. सुरुवातीला दोघं हसत. पुढे पुढे ती हसेनाशी झाली.

भादव्यातल्या एका बाजाराच्या दिवशी परतताना म्हातारी बिजलीबाई आणि तिच्या पाड्यावरची माणसं मागच्या पोत्यांवर येऊन बसली. नाही म्हणता येईना. लोटनला सबंध रस्ता स्वतःच चालवावा लागला. नाल्यापर्यंत त्याने दात आवळून निभावलं. पण पलीकडचा चढ चिखलाने बरबटला होता. या जुन्या गाडीत नुसता फोर-व्हीलचा लिव्हर ओढून भागत नाही. खाली उतरून, पुढच्या चाकांवरचे हब हाताने फिरवावे लागतात, तेव्हा कुठे पुढची चाकं जोर धरतात. त्यासाठी चिखलात उकिडवं बसायला हवं. बसलो तर उठता येणार नाही आणि सगळे बघतील, हे लोटनला ठाऊक होतं.

“मी उतरते, हब फिरवते,” दिपमाला हळूच म्हणाली.

“गप बस. निघेल गाडी.”

त्याने लिव्हर ओढला आणि गाडी चढावर घातली. मागची चाकं जागच्या जागी फिरली. गुडघ्यातून कळ आली, पाय क्लचवरून घसरला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे सरकू लागली. दिपमालाने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी नाल्याच्या काठाला टेकून थांबली, पण मागे बिजलीबाई पत्र्यावर आपटली. तिच्या कपाळातून रक्त आलं.

“काय व्हयनं, लोटनभाऊ?” कुणीतरी ओरडलं.

 दिपमालाने आपला पदर फाडून म्हातारीच्या कपाळाला बांधला, सगळ्यांना खाली उतरवलं, चिखलात बसून दोन्ही हब फिरवले आणि लोटनच्या दाराशी आली. “सरका.”

तो सरकला. तिने सीट पुढे ओढली, चढाचा बारका गिअर टाकला आणि गाडी गुरगुरत, एकदाही न घसरता, वर नेऊन उभी केली.

माणसं चालत वर आली. बिजलीबाई खिडकीशी थांबली आणि तिने दिपमालाकडे बोट केलं. “हाई गाडी चालाडस का? मंग इतला दिन कोण चालाडत व्हतं?”

दिपमालाने लोटनकडे पाहिलं नाही. ती समोर पाहत राहिली. अजूनही ती त्याला सांभाळून घेत होती. तेच त्याला सहन झालं नाही. आजवर आपला गुडघा दिसू नये म्हणून तो मरत होता. आता त्याला वाटलं, गुडघा दिसला असता तर बरं, तिने आपल्यासाठी असं गप्प बसणं दिसायला नको होतं.

“हाईच,” तो म्हणाला. “रस्ताभर हाईच चालाडस. मी फक्त तुमना गावमा शिरतांना बसस.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला हलकं वाटलं असतं. बिजलीबाईने कपाळावरची पट्टी दाबली आणि ती गाडीत न बसता पायीच पाड्याकडे निघाली. बाकीचेही तिच्यामागे गेले.

दुसऱ्या दिवशी तो दिपमालासोबत म्हातारीला पाहायला गेला. टाके पडले होते. तिने दिपमालाला चहा दिला, त्यालाही दिला, पण बोलली ती दिपमालाशीच. “तू चालाडशी तं मी बठसू.”

आता माल दिपमालाच नेते. लोटन घरापुढे गाडीला ग्रीस भरतो, हब खोलून साफ करतो, बोल्ट कसतो. सोबत चल म्हणून ती आग्रह करते, आणि कधी कधी तो जातोही, डाव्या बाजूला बसून. पाड्यावरची पोरं अजून ‘लोटनभाऊ’ म्हणून हात करतात. तो हात वर करतो, पण बिजलीबाईचं घर येण्याआधीच मान खाली घालतो.