विसाव्या दिवशी रुसलेला जनरेटर

अंड्यातून पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर पडतं. माझ्या पहिल्यावहिल्या खेपेचा विसावा दिवस होता, दिवाळीनंतरची गारठ्याची सकाळ होती, आणि नेमका तेव्हाच आमच्या वस्तीवरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. श्रीगोंद्याहून दुसरा यायला संध्याकाळ होईल, असं वायरमनने फोनवर अगदी निवांत सांगितलं. इकडे उबवणीच्या पेटीतला पारा सदतीसच्या खाली निघाला होता. आत तीनशे अंडी होती. मला त्या थंडीतही घाम फुटला.

पण आमच्याकडे लष्करी जनरेटर होता ना! नगरच्या एका भंगारवाल्याकडून सासऱ्यांनी आणलेला, हिरवागार, पोलादी चौकटीतला, अंगावर पांढरे आकडे. सासरे, म्हणजे आमचे आबा, तोफखान्यातून निवृत्त झालेले. स्वतःच्या पोरांचे केले नसतील एवढे लाड ते त्या यंत्राचे करत. "लष्कराची चीज हाय. धोका देनार न्हाई," म्हणत त्यांनी दोरी ओढली. दुसऱ्याच झटक्यात इंजिन धडधडलं. पेटीतला दिवा मात्र लागला नाही.

"इंजिन तर झकास चालू हाय की!" आबा ओरडले.

"मग इंजिनावर ठेवू का अंडी?" मीही ओरडले. माझं तोंड मुळातच फटकळ.

लग्नाआधी मी नगरला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलाय. सासरी त्याचा उपयोग बल्ब बदलण्यापुरता. आज मात्र मी मीटर घेऊन बसले आणि, खोटं कशाला बोलू, भीतीइतकीच मजाही वाटायला लागली. जनरेटरच्या सॉकेटला मीटर लावला. दोनशेतीसच्या जागी तीन व्होल्ट! मी टाळीच वाजवली. शून्य असतं तर यंत्रातली मूळची चुंबकशक्तीच गेलेली असती. तीन म्हणजे जीव आहे, फक्त फिरत्या भागाला करंट पोचत नाही. इंजिन बंद केलं. फ्यूज पाहिला, वायरी हलवून पाहिल्या, सगळं ठीक. मागचं झाकण उघडायला गेले तर आबा आडवे आले.

"त्येला हात लावू नगं. आतलं समदं मी सवता साफ केलंय, खंडेनवमीला."

माझा स्क्रूड्रायव्हर हवेतच थांबला. "कशानं साफ केलं, आबा?"

खंडेनवमीला आम्ही घरातली सगळी अवजारं पुसून, त्यांवर तेलाचा हात फिरवून पूजेला मांडतो. पलटणीत बंदुकांनाही तेल लागायचंच. आबांनी त्यांच्या लाडक्या यंत्राला आतूनबाहेरून तेल चोपडलं होतं. मी झाकण काढलं. फिरत्या दांड्यावर दोन धातूच्या कड्या असतात, त्यांना कार्बनचे तुकडे टेकून घासत राहतात, आणि तिथूनच करंट आत जातो. त्या कड्या आणि कार्बन, दोन्ही तेलाने माखलेले! "सापडलं!" मी अशी किंचाळले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

आबांचा चेहरा पडला. "म्हंजे, म्याच की गं..."

राग आला होता, पण तो गिळला. भांडायला वेळ कुठे होता? पेट्रोलच्या फडक्याने कड्या पुसल्या, बारीक पॉलिश पेपर फिरवला, कार्बन कोरडे केले. पेट्रोल पुरतं उडून जाईपर्यंत जीव नुसता टांगणीला. मग म्हटलं, "ओढा, आबा!"

मीटर चढायला लागला. चाळीस, शंभर, दोनशे, दोनशेतीस! पेटीतला पंखा घुमला आणि मी अंगणात चक्क उडी मारली.

आबा मात्र पेटीच्या काचेला नाक लावून बसले होते. "गारठून मेली असत्याल का गं? माझ्यापायी?"

मलाही माहीत नव्हतं. शेवटच्या तीन दिवसांत पेटी उघडायची नसते, तरी मी उघडली आणि एक अंडं काढलं. कानाशी धरून उपयोग नव्हता. जनरेटरचा दणदणाट होता आणि आबांचे कान तोफांनी कधीच निकामी केलेत. मी अंडं त्यांच्या तळव्यावर ठेवलं आणि वरून माझ्या हाताने झाकलं. दोघंही श्वास रोखून उभे राहिलो.

"ठोकतंय!" आबा एकदम ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "सूनबाई, आतनं ठोकतंय!"