सहावी आज्ञा आणि दोन सेकंद

चाकणच्या आमच्या कारखान्यात मी मशीन दुरुस्त करतो. माझी कीर्ती अशी, की बंद पडलेल्या मशीनजवळून मी नुसता खाकरत गेलो तरी ती सुरू होते. निदान मी तरी तसं सांगत आलोय.

आमच्याकडे गाड्यांचे प्लास्टिकचे भाग निघतात. साच्याची दोन पाती एकमेकांवर अशी मिटतात, की मध्ये हत्ती ठेवला तर दुपारच्या जेवणाला पापड मिळेल. म्हणून मशीनला सरकतं दार असतं. दार उघडं असेल तर साचा मिटत नाही. दार उघडायचं, नग काढायचा, दार लावायचं. या उघडझापीत नगामागे दोन सेकंद जातात. मी एकदा जुन्या स्पीकरमधला चुंबक काढून दाराच्या सेन्सरवर चिकटवला. मशीनला वाटलं, दार लागलं. आता दार कायमचं उघडं, साचा आपल्या वेळेवर मिटतोय, आपण आपला हात आपल्या वेळेवर बाहेर काढायचा. महिन्याभरात अकरा मशिनींवर चुंबक लागले. माझा एवढा सत्कार लग्नातही झाला नव्हता.

दर रविवारी दुपारी पुनावळ्यात आमची प्रार्थनासभा भरते. एका निवृत्त नर्सबाईंचा बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. एका रविवारी बायबलातल्या दहा आज्ञांपैकी सहाव्या आज्ञेवर, 'खून करू नये' हिच्यावर, बोलणं चाललं होतं.

"मावशी, हिच्यात आपण पास," मी म्हणालो. "बाकीच्या नवांचं तेवढं विचारू नका."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. "हातात सुरा घेणं एवढाच खून असता, तर ती आज्ञा पोलिसांपुरती पुष्कळ होती," त्या म्हणाल्या. "माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे. त्याचा जीव स्वस्तात धरलात, की तुम्ही त्या वाटेला लागलात." मग त्यांनी शास्त्रातला एक जुना नियम सांगितला. नवं घर बांधलंस तर धाब्याला कठडा घाल. कठडा नसला आणि कुणी वरून पडलं, तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर.

"हे आमच्या बिल्डरला ऐकवा," कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा. मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. दुसऱ्याच्या धाब्याचा कठडा मी काढून ठेवला होता. एक नाही, अकरा. त्यानंतर मावशींकडचे पोहे मी दोनदाच घेतले, यावरून काय ते समजा.

सोमवारी कंपनीची बस तळेगाव चौकात नेहमीसारखी अडकली, तर उतरून पळत जावं असं वाटायला लागलं. पोचलो तो थेट चार नंबरच्या मशीनवर. तिथे लातूरकडची एक बाई काम करते. घरी दोन पोरी, नवरा नाही, आणि हात असा चपळ की आख्ख्या कारखान्यात तोड नाही. सगळ्यांत आत जाणारा हातही तिचाच. मी चुंबक उपटला.

"अव भाऊ, मशीन का अडायलीय?"

"दार लावून चालव."

"अन् टार्गेट तुमी भरून देताव का? नाही झालं तर ठेकेदार उद्या गेटावरूनच माघारी धाडतोय." तिने मशीनच्या मागून दुसरा चुंबक काढून टच्चकन् लावला. "तुमीच म्हणला होता, एक जादा असू द्यावा."

मग मी माझं ठेवणीतलं शस्त्र काढलं. रांजणगावच्या एका कंपनीत एका माणसाचा हात कोपरापासून कसा गेला, ते डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. तिने नग काढता काढता ऐकलं.

"मागल्या वेळी त्यो खांद्यापासून गेलता," ती म्हणाली.

शिफ्ट सुरू होताना सगळे जमतात, तिथे दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो आणि म्हणालो, हे चुंबक मी लावलेत, यात कुणीतरी मरेल, काढून टाका. टाळ्या पडल्या. शिफ्ट इन्चार्ज हसून हसून डोळे पुसत म्हणाला, "राव, सकाळी सकाळी! पुढं काय होतं त्यात?" इतकी वर्षं पेरलेल्या थापांचं पीक एकदम कापणीला आलं होतं. खरं बोलत होतो आणि माझ्याच तोंडामुळे ते खोटं पडत होतं.

तीन दिवस मी बसलो नाही. जेवायचो तेही उभ्याने. चार नंबरचा साचा मिटल्याचा आवाज आला की आधी तिच्या बोटांकडे बघायचो, मग श्वास घ्यायचो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती मला आधीच दिसायला हवी होती. बाई हावरट नव्हती. टार्गेट ठरवायला घड्याळ घेऊन वेळ मोजणारा माणूस आला होता तेव्हा चुंबक लागलेलेच होते. आमचं टार्गेटच चुंबकासकट ठरलं होतं. दार लावून ते माझ्या आजोबांच्या भुतालाही झालं नसतं.

गुरुवारी मी कागद घेतला. अकरा मशीन, चुंबक मी लावले, वापरायला मी शिकवलं, टार्गेट त्यावर मोजलं आहे, ते पुन्हा मोजावं. आयुष्यात पहिल्यांदा एकही शून्य न वाढवता लिहिलं. पान अर्धंसुद्धा भरलं नाही. खाली सही केली. सेफ्टी ऑफिसरने दोनदा वाचलं.

"हे खरं आहे?"

"तेच तर वाईट आहे, साहेब."

मला 'कारणे दाखवा' नोटीस मिळाली. चुंबक काढायचा हुकूम निघाला. पुढच्या आठवड्यात एक माणूस घड्याळ घेऊन चार नंबरवर आला. बाई दर नगाला दार लावत होती, जरा जास्तच सावकाश. माझ्याकडे बघत नव्हती. त्याने आकडा खाली आणला. तिने तो फळ्यावर वाचला.

"येवढं व्हतंय," म्हणाली. एवढंच. माझ्याशी ती अजून धड बोलत नाही. माझ्यामुळे तिचे दोन दिवस ठेकेदाराच्या शिव्या खाण्यात गेले होते.

उरलेल्या दहांची मोजणी वेळ मिळेल तशी होणार आहे म्हणे. तोवर तिथला आकडा जुनाच. त्यामुळे मी सकाळी सातला चार चुंबक उपटतो, चहापर्यंत त्यातले तीन परत लागलेले असतात. पोरं आरोळी देतात, "आले बघा, चर्चचे पाळकसाहेब आले!" मी शिव्या देतो, ते हसतात. काल दुसरा अर्ज दिला. आज तिसरा लिहायला घेतलाय, उभ्यानेच, आणि प्रत्येक ओळीला मान वर करून पाहतोय, सात नंबरवरच्या पोराचा हात बाहेर आला की नाही.