दोन कंपन्यांना तांड्याचं बोलावणं

मानोऱ्यात माझं मोबाईलचं दुकान आहे. दुर्दैवाने समोरच संघदीपचंही आहे. मी एका कंपनीचे फोन विकतो, तो दुसऱ्या कंपनीचे, आणि सकाळी शटर वर करताना आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोपीचंद नायकांनी आमची जी फजिती केली ती त्याशिवाय कळायची नाही.

गोपीचंद हे पोहरादेवीच्या अलीकडच्या एका तांड्याचे नायक. नायकाकडे मान असतो तसा तांड्यातली भांडणं मिटवायचा व्यापही असतो. उमेदीची वर्षं त्यांनी नवराबायकोनं ऊसतोडीवर काढली, आणि तिथेही टोळीतली भांडणं यांच्याच खोपीपुढे यायची. त्यांची रीत मी स्वतः पाहिली आहे. दोघं तावातावाने आपलीच बाजू कशी खरी ते सांगू लागले की हे हात वर करतात आणि विचारतात, "तुमच्या भांडनात तिसऱ्या कोनाचं काय अडलं, ते सांगा पहिले."

मग कळतं की कोणाच्या म्हशी तहानलेल्या राहिल्या, कोणाच्या पोरीची शाळा बुडाली. आधी ते अडलेलं सोडवायचं, खरंखोटं नंतर. तोवर बहुतेकांचा भांडायचा दमच संपतो. शेवटी दोघांनी एका ताटात शिरा खायचा, की मिटलं. कोर्टकचेऱ्यांत हयात घालवणाऱ्या माझ्या नातेवाइकांना मी एकदा इथे आणून बसवणार आहे.

त्यांच्या बायकोचं नाव सुंदरबाई. मुलगा रविकांत पुण्याकडे बांधकामावर आहे, आणि नात रुचिका तिथल्या शाळेत जाते. शाळा सुटली की ती आजीला फोन लावते. पण कोयता धरून धरून सुंदरबाईंच्या बोटांना इतके घट्टे पडलेले की फोनची काच त्यांना ओळखायचीच नाही. त्या बोट घासत राहायच्या, फोन वाजून वाजून गप्प व्हायचा. मग शेजारच्या धनीबाईला हाक मारायची. धनीबाई फोन उचलायची आणि आधी स्वतःच्या गुडघ्यांची सगळी हकिकत सांगायची. आजीच्या वाट्याला उरलंसुरलं बोलणं यायचं.

शेवटी दोघं माझ्या दुकानात आले. बरेच फोन काउंटरवर नापास झाल्यावर मी एक नवा काढला. फोन वाजला की त्याच्यासमोरून नुसता हात फिरवायचा, की तो उचलला जायचा. मी माझ्या फोनवरून लावून पाहिला, सुंदरबाईंनी हात फिरवला. फोनमधून माझा आवाज आला. त्यांनी मला परत फोन लावायला सांगितला, मग परत, मग दुकानाबाहेर जाऊन लावायला सांगितला.

"थो माहं आयकून राह्यला!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी तरी आयकता का एवढं?"

तेव्हापासून पीठ मळताना, गोवऱ्या थापताना आजीनं हात फिरवावा आणि नातीशी बोलावं, असं छान चाललं होतं. आणि एके दिवशी कंपनीने फोनला अपडेट पाठवलं. अपडेट झालं, फोनची चित्रं सुंदर झाली, आणि हात फिरवायची सोय गेली.

नवराबायको दुकानात आले. सुंदरबाई बोलत नव्हत्या, आणि त्या बोलत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावून स्पीकर चालू केला. निता नावाची गोड आवाजाची मुलगी बोलत होती.

"सर, ही हात फिरवण्याची पद्धत आमचीच, असं दुसऱ्या एका कंपनीचं म्हणणं आहे. त्यांच्याकडे तिचं पेटंट आहे. कोर्टात वाद सुरू आहे, म्हणून सध्या ती सोय काढून टाकावी लागली."

ती दुसरी कंपनी म्हणजे संघदीप विकतो तीच. नायकांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना सगळं कळलं होतं, आमच्यापेक्षा जास्तच.

"म्हंजे भांडन त्या दोघायचं. मंग माह्या बायकोचं काहून अडवून राह्यले?"

"सर, मी तुमची तक्रार पुढे कळवते."

"कळवा. दोघायलेही कळवा. येत्या आइतवारी आमच्या तांड्यावर या म्हना. मिटवून देतो."

"जी सर. तुमचा निरोप मी नोंदवून घेतला आहे."

झालं. तांड्यात निरोप घेतला की यावंच लागतं, नाही येणार तर घेतानाच नाही म्हणायचं. मी त्यांना परोपरीनं समजावलं की या मुलीला दिवसभर असंच बोलावं लागतं, कंपन्या परदेशात आहेत, कोणी येत नसतं.

"तिनं निरोप घेतला ना? मंग येतीन," नायक म्हणाले आणि निघाले. जाताना समोरच्या दुकानात शिरून संघदीपलाही आमंत्रण देऊन गेले.

रविवारी मी गेलो. एवढ्या मानाच्या माणसाचं हसू व्हायला नको, एवढीच काळजी होती. झाडाखाली सगळा तांडा जमलेला. कढईत शिरा होत आलेला, तुपाचा वास सुटलेला. समोर दोन कंपन्यांसाठी दोन कोऱ्या सतरंज्या अंथरलेल्या. संघदीपही आला होता आणि माझ्यापासून शक्य तितक्या लांब उभा होता.

नायक रस्त्याकडे बघत बसले. एक एसटी आली, दोन बायका उतरल्या. एक जीप आली, ती देवीला गेली. लोकांत कुजबुज सुरू झाली, कोणीतरी हसलं. सुंदरबाई हातात फोन घेऊन खाली मान घालून बसल्या होत्या. मला ते बघवेना.

तेवढ्यात नायकांची नजर माझ्यावर आली. मग संघदीपवर गेली. मग परत माझ्यावर.

"मालक नाई आले, त्यायची मानसं त आली! बसा."

"नायक, मी नुसता दुकानदार आहे हो!"

"बोर्डावर नाव कोनाचं हाये?"

नाव कंपनीचंच होतं, घराच्या दारापेक्षा मोठ्या अक्षरात. तांडा खदखदून हसला आणि आम्हाला दोन सतरंज्यांवर बसवलं गेलं. मी चिडलो होतो, पण उठून जायची काही सोय नव्हती.

"कोनाचं खरं, ते कोर्ट पायीन," नायक म्हणाले. "तुमच्या भांडनात हिचं अडलं. ते सोडवल्याबगर शिरा नाई."

फोन माझ्या हातात आला. मी सेटिंगमध्ये शिरलो, इकडे दाबलं, तिकडे दाबलं, काही सापडेना. संघदीपला राहवेना. तो आपली सतरंजी सोडून माझ्या सतरंजीवर आला.

"अरे, ते कमी दिसनाऱ्यायसाठी, हात थरथरनाऱ्यायसाठी येगळं सेटिंग असते ना, त्याच्यात पाय."

"त्यात काय?"

"आवाजाच्या बटनानं फोन उचलाचं. त्याच्यावर कोनाचं भांडन नाई अजून."

मी तिथवर पोचणारच होतो, असं मी आजही सांगतो. दोघांनी डोक्याला डोकं लावून ते चालू केलं. संघदीपने फोन लावून पाहिला. सुंदरबाईंनी बाजूचं बटण दाबलं, आणि कोयत्याने घडवलेल्या त्या अंगठ्याखाली बटण मुकाट्याने दबलं. शिट्ट्या वाजल्या. मग मी आणि संघदीप एका ताटात शिरा खाल्ला. तो आपल्या बाजूचे काजू माझ्याकडे सरकवत होता. माणूस वाईट नाही.

शिरा संपत आला तेवढ्यात फोन परत वाजला. या वेळी पुण्याहून. धनीबाई सवयीने उठून पुढे झाली. सुंदरबाईंनी तिला नजरेनेच जागेवर बसवलं, फोन गच्च धरला आणि बटण दाबलं.

"धनीआजी," फोनमधून रुचिकाचा आवाज आला, "तुझे गुडघे मंग सांगजो. पहिले माह्या आजीले बोलव."

सुंदरबाई इतक्या मोठ्यानं बोलल्या की फोनची गरजच नव्हती.

"मीच हाओ, बाई! मीच उचलला!"