हार्ड डिस्कमधले बाबा

आमच्या घरातली झाडून सगळी माणसं पैनगंगेत सोडली गेली, तेव्हा मी घरीच होतो आणि त्या बेताला माझी पूर्ण संमती होती. (घाबरू नका, फोटोतली माणसं!)

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटची. मी आदिलाबादला एका ऑफिसात कारकून, राहायला जैनथकडच्या आमच्या गावात. गावातला पहिला कॉम्प्युटर माझ्याकडे आला. दुसऱ्याच्या हातचा, जुनाच होता, पण लोक चपला बाहेर काढून तो बघायला यायचे आणि मी खुर्चीत गोल फिरत त्यांना हार्ड डिस्कवर प्रवचन द्यायचो. (हार्ड डिस्क मी स्वतः कधी पाहिलेली नव्हती. पण प्रवचनाला ते लागतच नाही.)

तेवढ्यात मायच्या लाकडी पेटीला वाळवी लागली. त्या पेटीत माझ्या लग्नाच्या फोटोसकट घरातले सगळे फोटो होते आणि त्यांत बाबांचा एक. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कॅमेरा समोर आला की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. गावातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत आमचे बाबा उभ्याने झोपलेले आहेत! फक्त या एका फोटोत त्यांचे डोळे उघडे होते आणि ते चक्क हसत होते. माय रोज दुपारी जेवण झालं की तो फोटो काढायची, बघायची आणि परत ठेवायची. वाळवी दिसली त्या दिवशी ती जेवलीच नाही.

"माय, काऊन घाबरून राह्यली?" मी म्हणालो. "सगळे फोटो कॉम्प्युटरात टाकतो. मंग बाबाले काईच होत नाई."

"पाण्यानं?"

"नाई."

"वाळवीनं?"

"वाळवीचा बाप आला तरी नाई!"

"अन् उंदीर?"

"माय, हार्ड डिस्क हाये ते, ज्वारीचं पोतं नाई!"

मी कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि ऑटोने आदिलाबाद गाठलं. तिथल्या एका ओळखीच्या स्टुडिओत नवा स्कॅनर आला होता. दिवसभर बसून पेटीतला एकूण एक फोटो आत घेतला आणि तसाच परत आलो. रस्ता असा की ऑटो जमिनीवर कमी आणि हवेतच जास्त होता. पण घरी येऊन बटण दाबलं आणि पडद्यावर बाबा उमटले. हसरे, उघड्या डोळ्यांचे, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याएवढे मोठे! माय तोंडाला पदर लावून बघतच राहिली.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आमच्या घरी आत्या होती. बाबांची थोरली बहीण. घरातलं सगळं शास्त्र तिच्या ताब्यात. भंगलेली मूर्ती आणि फाटलेली तसबीर घरात ठेवायची नाही, नदीत शिरवायची, एवढं तर आमच्याकडे सगळेच पाळतात. आत्याने शास्त्र थोडं पुढे नेलं.

"दिगांबर, आता खरे फोटो कोनते? आतले का बाहेरचे?"

"आतले," मी ऐटीत म्हणालो.

"मंग बाहेरच्यात काय राह्यलं?"

"नुसता कागद, आत्या."

"जीव काढून घेतलेला फोटो घरात ठेवत नसतेत. शिरवून टाका!"

शिरवा तर शिरवा! मी खुर्चीत एक गिरकी घेतली. माय मात्र घुटमळली. "याहीचा एवढा राहू देऊ काय?" तिने बाबांचा फोटो हातात धरून विचारलं.

"काऊन? तुले माह्यावर भरोसा नाई?"

हे वाक्य आठवलं की मला आजही घाम फुटतो.

आत्याने काम रीतसर केलं. प्रत्येक फोटोला हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. मेलेल्यांना आणि जिवंतांना सारखाच मान! मग गठ्ठा बांधून माय आणि आत्या नदीवर गेल्या.

दोघी नदीवर असताना इकडे करंट गेला. आला. गेला. पुन्हा आला तो दिवे डोळ्यांत खुपतील असा आला. दोघी ओल्या पायांनी घरात शिरल्या आणि आत्या म्हणाली, "दाखव माह्या भावाले."

मी बटण दाबलं.

टक्. टक्. टक्.

पडदा काळा.

"काय म्हणून राह्यला तो?" आत्याने विचारलं.

"गरम होऊन राह्यला," मी म्हणालो. माझे स्वतःचे हात गार पडले होते.

टक्. टक्.

"तुये बाबा चुन्याची डबी अशीच वाजवत," असं म्हणून मायने काळ्या पडद्यासमोर उदबत्ती लावली आणि ती मांडी घालून वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी आदिलाबादच्या मेकॅनिकने डब्याला कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "हार्ड डिस्क गयी."

"कहाँ?" मी विचारलं. (माणूस हादरला की असंच विचारतो.)

"मर गयी, साब. दुसरी कापी कहाँ रखे?"

"नहीं रखे."

"कागज के फोटो तो होंगे?"

"हैं," मी म्हणालो. "नदी में हैं."

त्याने पेचकस खाली ठेवला आणि मला बसायला स्टूल दिलं.

घरी येऊन मायला सांगितलं. ती रागावली असती तर मी सोसलं असतं. तिने नुसतं विचारलं, "मंग तुये बाबा हायेत कुठी?" आत नाहीत, बाहेर नाहीत. आमच्या बाबांना मी एका दिवसात दोन्हीकडून घालवलं होतं! मला रडूच आलं. आत्या तेवढी ठाम होती. तिच्या मते शास्त्र बरोबर होतं, मशीन नास्तिक होती.

मी रजा टाकली आणि त्या काळ्या पडद्यासमोर डोक्याला हात लावून बसून राहिलो. माय उदबत्ती लावतच होती. अशातच एका सकाळी अंगणातून टाहो आला, "पोरी वं! जावाईबापू वं!"

माझी सासुरवाडी नदीच्या पलीकडे, जरा खालच्या अंगाला. पिठाचे हात घेऊन बायकोने दार उघडलं. तिला जिवंत बघून सासूबाईंनी दुप्पट मोठी किंकाळी फोडली आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या. मागे सासरे उभे. हातात दुपट्टा, दुपट्ट्यात आमच्या लग्नाचा फोटो. वर कुंकू, भोवती कुजलेला झेंडू! त्यांच्याकडच्या धुण्याच्या दगडाला लागला होता म्हणे.

"हार घातलेला फोटो नदीतून आला, आमी काय समजाव?" सासरे ओरडले. "जावाईबापू कुठी हायेत?"

बायकोने आत बोट दाखवलं. आत मी. मान खाली, हालचाल नाही, समोर उदबत्ती. सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळा टाहो फोडला.

मी "या, या, बसा!" म्हणत उठलो, तेव्हा कुठे आवाज थांबला. सगळे एकदम बोलू लागले. माय मात्र त्या फोटोकडे बघत होती. त्यात बायकोचा चेहरा साफ होता, पण माझ्या तोंडावर दुसराच एक लहान फोटो उपडा चिकटून बसला होता. माळेच्या दोऱ्यात गुंतून आला असणार. मायने तो पाठीवरूनच ओळखला.

"हे तं दिगांबरचे बाबा होत," ती म्हणाली.

परातीत पाणी ओतलं. दोन्ही फोटो त्यात ठेवले. सगळे वाकून बघत होते. माय पाटवडी उचलावी तशी हलक्या हाताने कोपरा सोडवू लागली.

"जपून, इहिनबाई," सासरे कळवळले, "जावाईबापूचं तोंड जाईन!"

"जाऊ द्या," माय म्हणाली. "तो तर समोरच हाये."

आणि माझ्याकडे एकदाही न बघता तिने ओढलं.

बाबा निघाले! डोळे उघडे, हसू शाबूत. गालावर माझ्या मिशीचा तुकडा आला होता, तोही तिने ओल्या पदराने टिपून काढला. माय रडत होती, हसत होती, आत्या बाबांवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडत होती. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मग मी दुसरा फोटो बघितला. त्यात मी मानेपासून वर पांढराफटक.

पुढे मी बाबांच्या फोटोच्या इतक्या कॉप्या काढल्या की नातेवाईक मला दुरून बघून रस्ता बदलू लागले. आमच्या लग्नाचा फोटो मात्र बायकोने तसाच वाळवला, फ्रेम केला आणि बैठकीत टांगला. त्यात ती नटूनथटून एका बिनचेहऱ्याच्या माणसाला हार घालते आहे. पाहुणे विचारतात, हसतात. शेवटी मी एकदा वैतागून म्हणालो, "अवं, काढून टाक ना तो!"

बायकोने पदराने काच पुसली, दोन पावलं मागे जाऊन निरखून बघितलं आणि म्हणाली, "राहू द्या. तुमचा इतका चांगला फोटो दुसरा कोनता आला हाये?"